नारायणरावाच्या खुनाची फेरतपासणी

निकाल लागून गेलेल्या खुनाचे दप्तर इतिहासकाराने पुन्हा सोडू नये, असे मत आमच्या कायदेपंडितांत रूढ आहे. आरोपी मेले, साक्षीदार मेले, उलटतपासणीची सोय उरली नाही, तेव्हा उरला तो केवळ वाग्विलास, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु न्यायाधीशाला दोषी की निर्दोष एवढेच सांगावे लागते, तर इतिहासकाराला ‘संभवनीय’, ‘असंभवनीय’ आणि ‘अनिर्णित’ असे तिन्ही शेरे मारण्याची मुभा असते. शिवाय पक्षकारांनी हयातीत ज्यांवर कोणाची नजर पडू दिली नसती, अशी खाजगी पत्रेही कालांतराने त्याच्याच हाती येतात.

30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी शनिवारवाड्यात कापून काढले. रामशास्त्री प्रभुण्यांनी तहकीकात करून खुद्द त्याचा काका रघुनाथराव याच्यावर दोष ठेवला. लोकांनी मात्र तेवढ्यावर न थांबता, रघुनाथरावाच्या हुकमाच्या पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याचा आळ त्याची पत्नी आनंदीबाई हिच्यावर घातला, आणि सगळेच सांगतात म्हणून तो खरा ठरला. दहा बखरकारांनी एकाच तोंडची हकीकत उतरून घेतली असेल, तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो. त्यातून 1796 साली त्याच दांपत्याचा पुत्र पेशवाईच्या गादीवर बसला, तेव्हा कोणती बखर त्याआधीची, कोणती नंतरची, आणि लिहिणारा कोणाचे अन्न खात होता, हे पाहिल्याविना तिची जबानी दाखल करून घेणे हा गैरशिस्तपणाच होय.

अस्सल पत्र आज कोणाच्याच हाती नाही. ते असते तर परीक्षा अवघड नव्हती. ‘ध’चा ‘मा’ करायला नुसते अक्षर बदलून भागत नाही, नवा काना घालावा लागतो, आणि मोडीत काना अक्षरालाच जोडून ओढण्याची वहिवाट, शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याचा रिवाज नाही. मागाहून कोंबलेली रेघ, शाईचा फरक, लेखणीचे वळण, यांपैकी काही ना काही सरावलेल्या मोडीवाचकाच्या नजरेत सहसा भरलेच असते.

यावर, मग काय रघुनाथरावालाही सोडून देणार, असा सवाल येतो. मुळीच नाही! उलट पत्राची कथा स्वीकारणाराच त्याला अर्धा सोडवतो. कारण काकाचा हुकूम केवळ धरण्याचा होता, हेच ती कथा सांगते. पुतण्याचा खून होताच पेशवाई घेणाऱ्या त्या गृहस्थावरील संशय त्या एका अक्षरावर मुळी अवलंबूनच नाही.

आनंदीबाईच्या नावापुढे मात्र तूर्त ‘अनिर्णित’ हाच शेरा पडतो. खाडिलकरांच्या 1909 सालच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई रंगभूमीची आहे, इतिहासातील बाईवर फिर्याद चालवू इच्छिणाऱ्याने, त्या वेळी पुण्यात असलेला इंग्रजांचा वकील मॉस्टिन याच्या लिखाणापासून पेशवे दप्तरातील रुमालांपर्यंत सारे धुंडाळून, 1773 सालचा एक तरी कागद मुद्देमाल म्हणून हजर करावा.