कळफलक घेण्यापूर्वी ‘ठ’ शोधा

मराठीच्या भवितव्याविषयी आपल्या मंडळांतून जी व्याख्याने होतात त्यांत भाषाधोरण असते, अभिजात दर्जा असतो, नव्या पिढीची उदासीनता तर असतेच असते. पण यापुढे मराठी मजकूर कोणत्या बोटांनी आणि कोणत्या साधनावर लिहिला जाणार, हा प्रश्न सहसा नसतो. तो ‘तांत्रिक’ ठरवून भाच्या-पुतण्यांवर सोपवला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न तांत्रिक नसून वाङ्मयीन आहे, आणि तो परक्यावर सोपवल्याची किंमत आपण, विशेषतः महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक, आजच मोजू लागलो आहोत.

आमच्या इंदुरात हस्तलिखित मजकूर टंकित करून देणारे जे थोडे व्यावसायिक उरले आहेत ते हिंदीत वाढलेले आहेत. त्यांचा यात दोष नाही. परंतु त्यांच्या हातून ‘बाळ’चे ‘बाल’ होते, ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘दऱ्या’ भरून येऊन त्यांचा ‘दर्या’ होतो. ‘आचाऱ्यांना’ दिलेली दक्षिणा ‘आचार्यांना’ पोहोचते. मुद्रिते तपासणारे डोळे थकत चालले आहेत. बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मंडळींनी आपापल्या गावचा अनुभव यात घालून पाहावा. तेथे हिंदीच्या जागी गुजराती, तेलुगू किंवा कन्नड येईल, एवढाच फरक.

यावर उपाय एकच आहे : लेखकाने स्वतः लिहावे. साधनही आता आवाक्यात आहे. आठ इंचांच्या आसपासचा छोटा टॅब हाताला हलका, पिशवीत मावणारा आणि अक्षर हवे तेवढे मोठे करून दाखवणारा असल्यामुळे आपल्या वयाच्या मंडळींनी तो आनंदाने स्वीकारला आहे. मात्र तो आडवा धरून पडद्यावरचा कळफलक उघडला की जवळजवळ अर्धा पडदा कळांनीच व्यापतो. मजकुराला दोन-चार ओळींची फट उरते. अशा फटीतून शुभेच्छा पाठवता येतात. निबंध लिहिता येत नाही. मागचा परिच्छेद डोळ्यांसमोर नसेल तर पुढचा त्याच्याशी जोडून कसा लिहावा? म्हणून बाहेरून जोडायचा स्वतंत्र कळफलक ही चैन नव्हे, लेखनाची गरज आहे.

येथपर्यंत बहुतेकांचे एकमत होते. वाद पुढे आहे. ‘कोणताही घ्या, सगळे सारखेच’ असे दुकानदार सांगतो, घरातील तरुण मंडळी मान डोलावतात, आणि टॅबच्या आकाराला बेतलेला, वेष्टनासारखा मिटणारा, देखणा कळफलक घरी येतो. माझा आक्षेप नेमका या वस्तूवर आहे.

गणित साधे आहे. सामान्य कळफलकावर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. अक्षरांच्या आडव्या ओळीला साधारण पंधरा कळांची रुंदी लागते. म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर. आठ इंची टॅबची लांबी मात्र २० सेंटिमीटरच्या आसपास. त्या मापात कळफलक बसवायचा तर निर्मात्यापुढे दोनच मार्ग राहतात : सर्व कळा बारीक करणे, नाही तर काही कळा काढून टाकणे. बहुधा तो दोन्ही करतो. आणि कात्री लावताना तो इंग्रजीचा विचार करतो. एबीसीची सव्वीस अक्षरे शाबूत ठेवून उजव्या कडेची विरामचिन्हे अर्ध्या रुंदीची होतात, दुसऱ्या ओळीत ढकलली जातात किंवा जोडकळ दाबून मिळवावी लागतात. इंग्रजी लिहिणाऱ्याचे त्यात फारसे अडत नाही.

मराठी लिहिणाऱ्याचे अडते. भारतीय लिप्यांसाठी जो प्रमाण कळफलक आहे तो इन्स्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने तो १९८६ साली प्रथम निश्चित केला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणकात त्याला स्थान मिळाले. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. इंग्रजीत अर्धविराम असतो त्या कळेवर ‘च’ आणि ‘छ’ आहेत. शेजारी अवतरणचिन्हाच्या कळेवर ‘ट’ आणि ‘ठ’. उघडत्या चौकटी कंसावर ‘ड’ आणि ‘ढ’. मिटत्या कंसावर नुक्ता आणि ‘ञ’. तिरक्या रेघेवर ‘य’, आणि उलट्या तिरक्या रेघेवर ‘ऑ’चे चिन्ह. म्हणजे निर्मात्याने जी कडा निरुपयोगी समजून छाटली, तीत मराठीचा जवळजवळ सबंध टवर्ग राहतो. ‘डॉक्टर’ या एका शब्दाला त्या कडेच्या तीन कळा लागतात. अधिक काय सांगावे? ज्या कळफलकावर अवतरणचिन्हाची कळ जागेवर नाही, त्यावर ‘मराठी’ हा शब्दच सुखाने लिहिता येत नाही! ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याला हे एकच उदाहरण पुरे.

यावर प्रतिपक्ष म्हणतो की, इन्स्क्रिप्टचा हट्टच कशाला? रोमन अक्षरांत उच्चार लिहावा, यंत्र त्याचे मराठी करून देते. देते खरे, पण कोणते मराठी? के, ए, एल ही तीन रोमन अक्षरे दाबा. त्यांतून कल, काल, कळ आणि काळ असे चार शब्द संभवतात आणि चारही अस्सल मराठी आहेत. त्यांतला कोणता हवा हे आपण ठरवायचे, तर तेथे यंत्र ठरवते किंवा चौघांची रांग दाखवून निवडायला सांगते. दर दुसऱ्या शब्दाला असे थांबणारा लेखक हळूहळू जो शब्द आधी सुचवला जातो तोच लिहू लागतो. शिवाय मराठी शब्द मनात आधी रोमन लिपीत मांडायची सवय लागते, हे तर मला सर्वांत घातक वाटते. ज्या मुलांनी शाळेत देवनागरी गिरवली, तीच मुले पुढे आजीला रोमन लिपीत पत्र लिहितात आणि आपल्याला वाटते, लिपीचे काही बिघडलेले नाही.

दुसरा पक्ष बोलून लिहून घेणाऱ्यांचा. दृष्टी अधू असलेल्यांना, हात कापणाऱ्यांना ही सोय वरदानच आहे. तिची थट्टा करणे असभ्यपणाचे होईल. परंतु निरोप सांगणे आणि निबंध रचणे ही भिन्न कामे आहेत. वाक्य खोडावे, शब्द बदलावा, परिच्छेद उलटापालटा करावा, यातच लेखन घडते, आणि ते सारे शेवटी कळफलकावरच करावे लागते. बोलून उतरवलेल्या मजकुरातील ऱ्हस्व-दीर्घ तपासायलाही बोटेच लागतात.

तिसरा पक्ष आमच्याच पेशातला. शासकीय कार्यालयांत हिंदी टंकयंत्रावर हात बसलेल्यांना रेमिंग्टन पद्धत सोडवत नाही. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. मात्र ती मांडणी यंत्राच्या मर्यादेतून निघाली होती : अर्धे अक्षर वेगळे ठोकायचे, त्याला काना जोडून ते पूर्ण करायचे. संगणकाला ही कसरत आवश्यक नाही. मध्य प्रदेशात शासकीय पदांसाठी होणाऱ्या संगणक-प्रावीण्य परीक्षेतही हिंदी टंकलेखनाला इन्स्क्रिप्टचा पर्याय रेमिंग्टनच्या बरोबरीने ठेवलेला आहे. इन्स्क्रिप्ट वर्णमालेच्या तर्काने चालते. ‘क’च्या कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘प’वर ‘फ’, ‘ब’वर ‘भ’; ‘ल’वर ‘ळ’, आणि ‘र’च्या कळेवर ‘दऱ्या’मधला ‘ऱ’. ज्याने बाराखडी पाठ केली त्याचा अर्धा अभ्यास झालेला आहे. आणि सीमेवरच्या व परप्रांतातल्या मराठी माणसाने विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे गुजराती, कन्नड, तेलुगू या लिप्यांसाठीही हीच मांडणी आहे. मराठीचा ‘क’ ज्या कळेवर, तेलुगूचा ‘क’ त्याच कळेवर. एक विद्या शिकून दोन भाषा लिहिता येतील, असा सौदा आपल्याला पुन्हा कोण देणार?

आता खरेदीविषयी. कळफलक टॅबला चिकटलेला नको, सुटा हवा. टॅब साध्या घडीच्या स्टँडवर उभा करावा. वर सांगितलेल्या सहा कळा पूर्ण रुंदीच्या आणि आपल्या जागी असल्याची खात्री डोळ्यांनी करावी. कळांवर मराठी अक्षरे छापलेली नसली तरी बिघडत नाही आणि ‘मराठी कळफलक’ म्हणून कोणी जादा दाम मागितल्यास ते देऊ नयेत. कळफलक केवळ कोणती कळ दाबली एवढेच कळवतो. तिचे अक्षर कोणते, हे टॅब ठरवतो. त्यामुळेच उलटी दक्षताही आवश्यक आहे. पडद्यावर मराठी उमटते म्हणजे बाहेरच्या कळफलकावरूनही उमटेलच असे नाही. टॅब सोबत नेऊन दुकानातच जोडावा आणि ‘आठवड्याच्या चाचणीत छोट्या ज्ञानेशने दऱ्याखोऱ्यांवर निबंध लिहिला’ एवढे वाक्य लिहून पाहावे. ते सुरळीत उतरले तर पैसे द्यावेत, नाही तर नमस्कार करावा.

बिनतारी कळफलक घ्यायचा तर ब्लूटूथचा घ्यावा. ज्याला इवलासा ग्राहक-खुंटा टॅबमध्ये खोचावा लागतो तो टॅबचे एकुलते एक भोक अडवतो. अनेक ब्लूटूथ कळफलक दोन-तीन साधने लक्षात ठेवतात. मंडळाच्या सामाईक वापराला ते सोयीचे. खर्च टाळायचा असेल तर घरातला जुना तारेचा कळफलकही ओटीजी जोडणी घेऊन बहुतेक टॅबना लावता येतो. फक्त लिहिता लिहिता विद्युत्भारण करायचे असल्यास दोन्ही सोयी देणारा जोड घ्यावा. टॅबवर लिहायची लेखणी, दिव्यांनी उजळणाऱ्या कळा, रंगीत वेष्टने यांवर मंडळाचा पैसा घालवू नये.

शेवटी एका जुन्या हानीचे स्मरण देतो. होळकर, शिंदे, गायकवाड यांची दप्तरे ज्या मोडी लिपीत भरली आहेत, ती वाचू शकणारे आज हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. त्या मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये अधिकृत स्थान मिळाले. लिपीला संगणकात जागा मिळाली, तोवर ती हातांतून गेली होती. मोडीवर कोणी बंदी घातली म्हणून ती गेली नाही. रोजच्या लेखनातून उठली म्हणून गेली. देवनागरीला आज संगणकात सर्व काही मिळालेले आहे; ‘ॲ’ हे एकटे अक्षरसुद्धा २००८ साली तिला मिळाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. उणीव आहे ती बोटांची.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक मंडळाने येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात एक टॅब, दोन पूर्ण मापाचे कळफलक आणि एक स्टँड यांची तरतूद करावी. ग्रंथालयाच्या वेळेत रोज अर्धा तास इन्स्क्रिप्टचा वर्ग ठेवावा. शिकवणारा नातवाच्या वयाचा असला तरी संकोच करू नये. ज्यांना वयोमानाने शक्य नाही त्यांचे हस्तलिखित अवश्य स्वीकारावे, पण ते टंकित करण्याचे काम सभासदांनीच वाटून घ्यावे. एका सत्काराच्या शाली-श्रीफळांवर आणि हारतुऱ्यांवर जो खर्च होतो, त्यात एक कळफलक निश्चित येतो. सत्कार पुढल्या वर्षीही करता येईल.