सगळ्यात भारी बँड कोनता शे?

मंडळी, शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा बिल्ड सुटला की आपल्या ऑफिसांमध्ये जे दोन-चार ठरलेले वाद पेटतात, त्यातला एक म्हणजे हा: आजच्या काळातला सर्वश्रेष्ठ रॉक बँड कोणता? एकजण रेडिओहेडचं नाव घेतो, दुसरा टूलचं, तिसरा लिंकिन पार्कसाठी गळा काढतो. आणि ज्याने जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले पाहिलाय, तो तर कोणाचं ऐकूनच घेत नाही. मनगटावर चमकणारा पट्टा बांधून आलेल्या माणसाशी वाद घालण्यात तसाही अर्थ नसतो. :)

मी पारोळ्याचा. आमच्याकडे बँड म्हटलं की आधी वरातीतलाच आठवतो. लाल-पिवळ्या कोटातली मंडळी, ट्रम्पेट, ढोल, आणि मागे हातगाडीवर कर्णे. तिथे 'सगळ्यात भारी बँड कोनता शे?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणी रेटिंग बघत नाही. एकच कसोटी असते. नवरदेवाच्या मित्रांना तर कोणीही नाचवेल, पण कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला आजोबा उठला का? उठला तर बँड भारी.

हसू नका. रॉकला लावायला यापेक्षा चांगली कसोटी मला तरी सापडलेली नाही. ती लावली तर माझं उत्तर एकच येतं: इंडियन ओशन. दिल्लीचा बँड, १९९० चा. आणि त्यातही सुश्मित सेन (गिटार), असीम चक्रवर्ती (तबला आणि आवाज), राहुल राम (बास) आणि अमित किलम (ड्रम्स) या चौघांचा काळ.

लगेच पहिला आक्षेप येतो: "अरे, तो रॉक कुठे? ते तर फ्यूजन!" या शब्दाचा मला मनापासून कंटाळा आलाय. गोऱ्यांनी केलं की रॉक आणि आपण केलं की फ्यूजन, हा कुठला न्याय? जरा इतिहास बघू. रॉकचा बाप म्हणजे ब्लूज. ब्लूज आला मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून, तिथे राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या गाण्यांतून. मडी वॉटर्स हा ब्लूजचा दादा माणूस कापसाच्या मळ्यावरच वाढला, पुढे शिकागोला गेला आणि त्याने तेच गाणं इलेक्ट्रिक गिटारवर चढवलं. रोलिंग स्टोन्सनी आपलं नाव घेतलं ते त्याच्याच १९५० च्या गाण्यावरून. म्हणजे मुळात रॉक काय आहे? कापूस वेचणाऱ्यांचं गाणं अधिक वीज! आणि हे मी खान्देशातल्या पोराला समजावून सांगायचं? आपल्या काळ्या मातीत कापूसच पिकतो की राव. दिवाळीच्या आगेमागे ओळीने कापूस वेचणाऱ्या बाया गाणी म्हणतात, त्यांना ॲम्प्लिफायर मिळाला नाही, एवढाच काय तो फरक.

आता 'कंदिसा' हा २००० सालचा अल्बम काढा. त्यातलं 'मा रेवा' ऐका. हे नर्मदेचं लोकगीत, नदीकाठच्या माणसांचं. राहुल रामकडे ते स्टुडिओत बसून आलेलं नाही. हा गृहस्थ कॉर्नेल विद्यापीठाचा डॉक्टरेट, विषय पर्यावरणातली विषद्रव्यं, आणि परत येऊन काय केलं तर नर्मदा बचाव आंदोलनात काम. नर्मदा म्हटलं की आपल्याला गुजरात आणि मध्यप्रदेश आठवतात. पण सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलीही ३३ गावं सापडली, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. त्यातलं मणिबेली हे सगळ्यात पहिलं. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात होता. म्हणजे भाऊ, ते आपल्या खान्देशातलंच गाव!

म्हणून सांगतो, आपल्या भागातली माणसं बुडत होती तेव्हा त्यांच्या नदीचं गाणं बास गिटारवर घेऊन कॉलेजांच्या फेस्टिव्हलांत पोचवणारा एक बँड होता. त्याच अल्बममधलं 'हिल्ले ले' हे गोरख पांडे यांचं भोजपुरी गाणं, आणि खुद्द 'कंदिसा' ही केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. या गाण्यांचे शब्द पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांपैकी किती जणांना कळले असतील? तरीही हजारो पोरं एका सुरात गायली. आजोबा उठणं म्हणतात ते हेच.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. "संगीताला देश नसतो. रेडिओहेड मोठा तो मोठाच, तू मध्ये गावकी का आणतोस?" कबूल, रेडिओहेड मोठाच आहे, मीही ऐकतो. पण रॉकला देश नसला तरी गाव असतंच! निर्वाणाचा कर्ट कोबेन आला तो वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबर्डीनमधून. लाकूडतोडीवर जगणारं, मंदीत सापडलेलं आडगाव. म्हणजे त्यांचं पारोळाच म्हणा ना. त्या गावाचा कंटाळा आणि राग त्याने गायला म्हणून तो जगाला पटला. ते गाव वजा केलं तर नुसता आरडाओरडा उरतो. आपल्याकडच्या कित्येक बँडांचं नेमकं हेच होतं. बोटं सुसाट पळतात, उच्चार थेट कॅलिफोर्नियाचे, आणि गाणं कुठल्या गावचं ते काही केल्या कळत नाही.

तिसरा आक्षेप धंद्याचा: "मग ते स्टेडियम का भरत नाहीत?" स्टेडियम भरणं हे मार्केटिंगचं यश आहे, ते मी नाकारत नाही. पण तो निकष धरला तर सगळ्यात भारी जेवण विमानतळावर मिळतं असं म्हणावं लागेल. शिवाय याच बँडने २०१० साली '१६/३३० खजूर रोड' या अल्बमची गाणी एकेक करून इंटरनेटवर चक्क फुकट दिली. रेडिओहेडने २००७ मध्ये 'इन रेनबोज'ची किंमत श्रोत्यांवर सोडली त्याचं कौतुक आपण अजून करतो. याचं कौतुक कोणी केलं?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेला आणि २०१३ मध्ये सुश्मित सेन बाहेर पडला. बँड थांबला नाही, नवी माणसं आली, २०१४ मध्ये 'तांडानू' आला. पण मांडी घालून तबला वाजवता वाजवता गाणारा तो माणूस परत मिळाला नाही. आज कोणी म्हटलं की ढोल आणि मेटल एकत्र कुटणारा दिल्लीचाच ब्लडीवुड आता जास्त जोरात आहे, तर मी भांडणार नाही. रस्ता तोच आहे, गाडी नवीन.

माझं भांडण आहे ते आपल्याशी. अहिराणी 'हाई झुमका वाली पोर' यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजलं. म्हणजे भाषेला श्रोता नाही ही सबब संपली. डोंगरात भोपळ्याची पावरी अजून वाजते. धुळ्या-जळगावची शेकडो पोरं हिंजवडीत आणि बंगळुरात हप्त्यावर गिटार घेतात, आणि त्यावर काय वाजवतात? 'हॉटेल कॅलिफोर्निया'! ते हॉटेल आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? पारोळ्याचा बसस्टँड तर सगळ्यांनी पाहिलाय, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिथे गाडीची वाट बघत उभं राहण्यात एक अख्खा हेवी मेटल अल्बम आहे.

'लोक हसतील' ही भीती मला ठाऊक आहे. मुलाखतीला जाताना 'शे'चं 'आहे' करायला आपण सगळेच शिकलो. नोकरीसाठी ठीक आहे ते. पण गाण्यातही तेच करणार असाल, तर आयुष्यभर दुसऱ्यांचे बँड क्रमाने लावत बसावं लागेल. इंडियन ओशनला मी पहिला नंबर देतो, कारण त्यांनी ती लाज बाळगली नाही. तुमचा बँड दुसरा असेल तर खुशाल असू द्या. फक्त एक सांगा, तो ऐकून तुमच्या गावचा कोणता आजोबा उठेल?