आवारात अडकलेली गाडी

शिरोलीच्या भंगारात जुनी मारुती एस्टीम मिळाली. तिचं १.३ लिटरचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून मी सीटमागे बसवलं, चौकोनी नळ्यांचा सांगाडा वेल्ड केला. तीन पावसाळे गेले. दोन सीटची गाडी झकास पळते, पण आवारातच! १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करू देत नाही. नियम हवाच, कच्चं वेल्डिंग जीव घेतं. पण ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीचे ब्रेक, दिवे, धूर तपासून तिला रस्त्यावर सोडतात. आपल्याकडे पुण्यात वाहनं तपासणारी एआरएआय ही संस्था आहे. सरकारने तिथे आमच्यासाठीही परवडणाऱ्या तपासणीची एक खिडकी उघडावी. नापास झालो, तर पुन्हा वेल्डिंग करू.