कुरकुर आणि गाऱ्हाणें

इंग्रज मनुष्य आणि कुरकुर यांच्यामध्यें, नैयायिक ज्याला समवाय म्हणतात, तसा नित्य संबंध आहे. वस्त्रापासून तंतु जसे वेगळे काढतां येत नाहींत, तशी इंग्रजापासून कुरकुर वेगळी काढतां येत नाहीं. पाऊस पडला म्हणून कुरकुर, ऊन पडलें म्हणूनही कुरकुर. आगगाडी उशिरां आली, रस्त्यांत खड्डे पडले, नगरसभेची कचऱ्याची गाडी आठवड्याऐवजीं पंधरवड्यानें येऊं लागली, तरी कुरकुर आहेच. आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील मुलेंबाळें नोकरीनिमित्त त्या देशांत स्थायिक झालेलीं आहेत. त्यांच्याशीं टेलिफोनवर बोलतांना असें आढळून येतें कीं, दोन-चार वर्षांच्या वास्तव्यानें तींही ह्या कलेंत चांगलीं तयार होतात. जेवणांत वरणभात आपलाच राहतो. कुरकुर मात्र अस्सल विलायती होते!

राजकारणानेंही अलीकडे ह्या कुरकुरीला भरपूर खाद्य पुरविलें आहे. २०१६ ते २०२४ ह्या आठ वर्षांत त्या देशानें सहा मुख्य प्रधान पाहिले. कॅमेरून गेले, थेरेसा मे आल्या. त्या गेल्या, जॉन्सन आले. ते गेले, लिझ ट्रस आल्या. त्यांच्यामागून ऋषी सुनक आणि सुनकांच्या मागून कीअर स्टार्मर. पैकीं ट्रसबाईंची कारकीर्द २०२२ सालीं अवघी ४९ दिवसांची झाली. त्या डळमळूं लागल्या तेव्हां एका दैनिकानें लेट्यूसच्या भाजीचा एक गड्डा मांडून, आधीं हा कुजतो कीं बाईंचें प्रधानपद संपतें, असा पण लावला. गड्डा जिंकला! पुढें २०२३ च्या ऑक्टोबरांत सुनक यांनीं बर्मिंगहॅमपासून मँचेस्टरपर्यंत व्हावयाचा जलद रेल्वेचा फांटा रद्द केल्याचें जाहीर केलें. तें जाहीर केलें मँचेस्टरांतच, आणि तेंही पूर्वीं रेल्वे-स्टेशन असलेल्या इमारतींत भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनांत. वांचणाऱ्या पैशांतून ८३० कोटी पौंड रस्त्यांतील खड्डे बुजविण्याकडे लावूं, असेंही आश्वासन मिळालें. आगगाडी मागणाऱ्याला खड्डा बुजवून मिळाला, तर त्यानें कुरकुर करूं नये तर काय करावें?

तथापि कुरकुर ही केवळ रिकामटेकड्यांची करमणूक आहे, असें वाचकांनीं समजूं नये. इंग्रजांच्या राज्यव्यवस्थेनें ह्या स्वभावाला फार पूर्वींपासून वाटा करून दिल्या आहेत. राजाकडे अर्ज करण्याचा प्रजेचा हक्क १६८९ च्या हक्कांच्या कायद्यांत नमूद झाला आणि अर्ज केला म्हणून कोणास तुरुंगांत टाकणें बेकायदेशीर ठरलें. पार्लमेंटचे सभासद आपल्या मतदारांस ठरल्या दिवशीं भेटतात; त्या भेटींना तिकडे ‘सर्जरी’, म्हणजे वैद्याचा दवाखाना, असेंच नांव आहे. पार्लमेंट भरलेलें असतांना दर बुधवारीं दुपारीं मुख्य प्रधानांस अर्धा तास प्रश्नांच्या माऱ्यापुढें उभें राहावें लागतें. इंटरनेटवरून केलेल्या अर्जावर दहा हजार सह्या झाल्या म्हणजे सरकारनें उत्तर द्यावें, व एक लाख झाल्या म्हणजे पार्लमेंटांत त्यावर चर्चा घेण्याचा विचार व्हावा, अशीही सोय तेथें आहे.

म्हणजे कुरकुर आणि गाऱ्हाणें यांत भेद आहे. कुरकुर म्हणजे चुलीपाशीं किंवा ओसरीवर आपलें आपण पुटपुटणें. गाऱ्हाणें म्हणजे तेंच दुःख, ज्यानें तें दूर करावयाचें त्याच्या दाराशीं नेऊन मांडणें. पहिलीनें मन हलकें होतें. दुसऱ्यानें कधीं कधीं राज्य हलतें. प्रश्न एवढाच कीं, पहिलीचें रूपांतर दुसऱ्यांत केव्हां होतें? त्या देशांत अलीकडे घडलेलीं दोन उदाहरणें ह्या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतात.

पहिलें उदाहरण वृद्धांचें, म्हणजे आमच्याच वर्गाचें आहे. त्या थंड मुलखांत हिवाळ्यांत घर ऊबदार ठेवणें ही चैन नव्हे. तो प्राणरक्षणाचा प्रश्न आहे. म्हणून १९९७ पासून तेथील सरकार वृद्धांस हिवाळ्यांतील इंधनासाठीं मदत देत आलें. अलीकडे ती घरागणिक २०० ते ३०० पौंड असे. २०२४ च्या जुलै महिन्यांत नव्या अर्थमंत्री रॅचेल रीव्ह्ज यांनीं अगदीं गरीब पेन्शनरांखेरीज इतरांची ही मदत बंद करण्याचें जाहीर केलें. सुमारें एक कोटी म्हातारे एका फटक्यासरशीं तिला मुकले. मग काय विचारावें! वर्तमानपत्रांचे रकाने भरले, सभासदांच्या दारांशीं काठ्या वाजूं लागल्या. २०२५ च्या मे महिन्यांतील स्थानिक निवडणुकींत मजूर पक्षाला जबर मार बसला. जूनमध्यें सरकारनें माघार घेतली आणि इंग्लंड व वेल्समध्यें ३५ हजार पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पेन्शनरांस ही मदत पुन्हां देण्याचें ठरविलें. अकरा महिन्यांच्या आंत कुरकुरीचें गाऱ्हाणें झालें आणि गाऱ्हाण्याचा निकालही लागला. ह्याचें कारण उघड आहे. ज्या दिवशीं मदत गेली, त्याच दिवशीं प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक झालें कीं, आपल्यासारखे आणखी कोटभर आहेत.

दुसरें उदाहरण पोस्टमास्तरांचें. खेडेगांवचें पोस्ट म्हणजे तिकडे बहुधा एखादें दुकानच असतें. दुकानदार करारानें पोस्टाचें काम चालवितो, तिकिटें विकतो. गांवांत त्याला मान असतो. १९९९ पासून ह्या दुकानांतून ‘होरायझन’ नांवाची हिशेबाची संगणक-यंत्रणा बसविण्यांत आली. ती फुजित्सू कंपनीची. थोड्याच दिवसांत अनेक ठिकाणीं पेटींतील रोकड आणि पडद्यावरील आंकडे यांचा मेळ बसेना. आज शंभर पौंडांची तूट, तर उद्यां हजारांची. तूट येईल ती पोस्टमास्तरानें भरून द्यावी, असें पोस्टाचें म्हणणें. कित्येकांनीं आयुष्यभर सांठविलेली पुंजी ओतली, घरें गहाण टाकलीं, आप्तेष्टांकडून कर्ज काढलें. अनेकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. १९९९ पासून २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. त्यांतील सुमारें ७०० जणांवर खुद्द पोस्टानेंच खटले भरले होते. ज्याचें नुकसान झालें तोच तपास करणार आणि तोच खटला चालविणार, असा हा न्याय!

सरे परगण्यांत पोस्ट चालविणाऱ्या सीमा मिश्रा ह्या भारतीय वंशाच्या बाईंस २०१० सालीं पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळीं त्या गरोदर होत्या आणि शिक्षेचा दिवस हा त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्यांच्यावरील डाग २०२१ मध्यें, म्हणजे तब्बल अकरा वर्षांनीं पुसला गेला.

ह्या लोकांनीं कुरकुर केली नाहीं काय? पुष्कळ केली. मदतीसाठीं म्हणून ठेवलेल्या टेलिफोनवर त्यांनीं पुनःपुन्हां विचारलें. तेथून कित्येकांस जें उत्तर मिळालें तें ह्या सर्व प्रकरणाचें मर्म आहे. त्यांना सांगण्यांत आलें कीं, असा त्रास दुसऱ्या कोणालाही होत नाहीं, तो फक्त तुम्हांलाच होतो. ह्या एका वाक्यानें मनुष्याचें तोंड जितकें बंद होतें, तितकें तुरुंगाच्या भीतीनेंही होत नाहीं. मग तो आपल्याच बेरजा पुनःपुन्हां तपासतो. आपल्याच नोकराचा, प्रसंगीं घरच्या माणसांचाही संशय घेतो. आणि गांवांत कळूं नये म्हणून निमूटपणें पैसे भरतो. शेजारच्या तालुक्यांतील दुसरा पोस्टमास्तर त्याच रात्रीं तेंच करीत आहे, हें त्याला कळण्यास मार्गच उरत नाहीं.

आपल्या शास्त्रकारांनीं शब्द हें प्रमाण मानलें खरें. परंतु कोणाचा शब्द? आप्ताचा. आणि आप्त कोण? जो यथार्थ जाणतो व जाणतो तसेंच सांगतो तो. येथें लोखंडी पेटीलाच आप्त मानण्यांत आलें. संगणक बरोबरच चालत होता असें, उलट शंकेला जागा दिसेपर्यंत, गृहीत धरावें असा इंग्लंडच्या न्यायालयांत नियम. परंतु गरीब दुकानदारानें उलट पुरावा आणावा कोठून? यंत्रणेचीं कागदपत्रें पोस्टाच्या आणि कंपनीच्या कपाटांत. दुकानांतील हिशेबाला बाहेरून कोणासही हात लावतां येत नाहीं, असें पोस्टाकडून छातीठोकपणें सांगितलें जाई. पुढें न्यायालयांत तेंही खोटें ठरलें. कंपनीच्या माणसांस दूर बसून त्यांत फेरफार करतां येत होते.

ही कोंडी फुटली ती एका हट्टी गृहस्थामुळें. वेल्समध्यें समुद्रकांठच्या एका गांवीं पोस्ट चालविणारे ॲलन बेट्स यांनीं आपल्याला न पटणारी तूट मान्य करण्याचें साफ नाकारलें. म्हणून २००३ मध्यें त्यांचा करार संपविण्यांत आला. २००९ सालीं ‘कॉम्प्यूटर वीकली’ ह्या नियतकालिकानें सात पोस्टमास्तरांच्या हकीकती छापल्या आणि त्याच वर्षीं बेट्स यांनीं फेनी कॉम्प्टन नांवाच्या खेड्यांतील सभागृहांत अशा लोकांस एकत्र बोलाविलें. त्या दिवशीं तेथें कांहीं मोठा ठराव झाला नसेल. परंतु जो तो दुसऱ्याची हकीकत ऐकूं लागला आणि ती आपलीच आहे असें त्याच्या ध्यानांत आलें. माझ्या मतें कुरकुरीचें गाऱ्हाणें झालें तें त्या क्षणीं.

पुढचा मार्गही सोपा नव्हता. लॉर्ड आर्बथनॉट यांच्यासारख्या कांहीं पार्लमेंटच्या सभासदांनीं त्यांची बाजू उचलून धरली. ५५५ जणांनीं मिळून दावा लावला आणि २०१९ च्या डिसेंबरांत यंत्रणा सदोष असल्याचा निर्णय मिळविला. तडजोडीची रक्कम पांच कोटी सत्त्याहत्तर लाख पौंडांवर होती. पण वकिलांचा व दाव्याचा खर्च वजा जातां प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें २० हजार पौंड आले. २०२१ मध्यें अपील कोर्टानें ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. तरीही देशाला खरी जाग आली ती २०२४ च्या जानेवारींत, टेलिव्हिजनवर चार रात्रीं ह्या हकीकतीचें नाटक दाखविलें गेलें तेव्हां! निकालपत्रानें जें झालें नाहीं तें नाटकानें झालें. आठवड्याभरांत मुख्य प्रधानांनीं कायदा करण्याचें जाहीर केलें आणि मे महिन्यांत शेंकडों शिक्षा एकाच कायद्यानें रद्द झाल्या. पोस्टाच्या माजी मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स यांनीं आपला किताब परत केला. बेट्स यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. परंतु २०२५ च्या जुलैंत प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालांत नमूद आहे कीं, ह्या छळापायीं निदान १३ माणसांनीं आत्महत्या केली असावी. त्यांना कोणता कायदा परत आणणार?

एकीकडे अकरा महिने आणि दुसरीकडे वीस वर्षें! देश तोच, पार्लमेंट तेंच, बुधवारचा प्रश्नांचा अर्धा तासही तोच. गाऱ्हाण्यांसाठीं दारें केलीं म्हणजे काम झालें, असें नव्हे. त्या दारांशीं एकटा मनुष्य लाजत लाजत आला तर त्याचा आवाज आंत पोंचतो कीं नाहीं, ह्यावरच राज्याची परीक्षा करावी. खड्ड्यांची कुरकुर मोठ्यानें होते, कारण खड्डा सर्वांनाच दिसतो आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नसतें. ज्या दुःखाबरोबर बदनामीचें भय येतें, तें दुःख मुकें असतें.

आतां विलायतेच्या ह्या गोष्टी आम्हांस कशाला, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, तें टेलिफोनवरचें वाक्य आपल्याही घरांत अधूनमधून ऐकूं येतें. दहा-पंधरा माणसांच्या घरांत वडील माणसांची कुरकुर सर्वांस ऐकूं जाते. चहा निवला तरी माजघरापर्यंत वार्ता पोंचते. परंतु एखादी नवी सून, एखादा परावलंबी पुतण्या किंवा शाळेंत जाणारें पोर दबत दबत कांहीं सांगूं लागलें, तर आपण चटकन म्हणतों, “इतकीं माणसें ह्या घरांत नांदलीं, कोणाला कांहीं झालें नाहीं; तुलाच कसें होतें?” असें म्हणण्यापूर्वीं कर्त्या माणसानें एवढेंच करावें : दुसऱ्यांनाही जवळ बोलावून, एकेकट्यास, शांतपणें विचारावें. कित्येकदां असें आढळेल कीं, तेंच दुःख आणखी दोघांनीं वर्षानुवर्षें मुकाट्यानें गिळलेलें आहे.