उकिरड्याची दौलत आणि वैरणीचा तुकडा

शेतकऱ्याला शहाणपण शिकविणारांची या देशांत कधींच वाण पडली नाहीं. तो अडाणी आहे, आळशी आहे, सोन्यासारखें शेण चुलींत घालतो, असें कचेऱ्यांत बसून सांगणारे पुष्कळ झाले. परंतु १८८९ सालीं विलायतेहून हिंदुस्थानची शेती पाहण्याकरितां मुद्दाम आलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होएल्कर यांनीं आपल्या १८९३ च्या अहवालांत निराळाच निर्वाळा दिला. जेथें सरपण मिळतें तेथें शेतकरी शेण जाळीत नाहीं. सरपण मिळेनासें झालें म्हणजेच शेणी थापण्याची पाळी येते, असें त्यांचें म्हणणें पडलें. सरपण कोठें गेलें, याचें उत्तर त्याच्या दहा वर्षें आधीं, १८८३ सालीं, जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून देऊन ठेवलेंच होतें. जंगलखात्यानें डोंगर व गायरानें अडविलीं, गुरें उपाशी पडलीं, आणि रानाचें खत तुटलें. डोंगरावरचा कुजलेला पाला पावसानें वाहून जाऊं नये म्हणून ताली-बंधारे घाला, अशी मागणीही त्यांनीं त्याच ग्रंथांत केली. मातीचा कस हा राजकारणाचा प्रश्न आहे, हें आमच्या चळवळीच्या मूळपुरुषानें इतक्या लवकर ओळखलें होतें.

हा जुना हिशेब आज पुन्हां उकरण्याचें कारण असें कीं, कोरडवाहू गांवांतल्या लहान शेतकऱ्याचें पोट आतां दुधावर आलें आहे, आणि दूध वैरणीवर आहे. दोनचार गाई, एखादी म्हैस, आणि विहिरीकांठीं पांचदहा गुंठे हत्तीगवत, मका किंवा लसूणघास, एवढी ज्याची दौलत, त्याच्या शेतांत सर्वांत उपेक्षित तुकडा कोणता म्हणून विचारलें तर तो हाच वैरणीचा! शेणखत जातें उंसाला, भाजीला. नाहींतर ट्रॉलीच्या भावानें बागाईतदाराच्या द्राक्षांना. वैरणीच्या नशिबीं कापणीनंतर मूठभर युरिया. "गवतच तें, त्याला काय खत घालायचें?" हें वाक्य आम्ही गांवोगांव ऐकतों. या वाक्यांतच नुकसानीचें मूळ आहे.

ज्वारींतून कणीस कापून नेलें तरी धसकटें व पाला रानांत राहतो. वैरणीचें पीक मात्र बुडख्यापासून कापून उचललें जातें, आणि तेंही वर्षांतून एकदां नव्हे, सहासात वेळां. एका एकरांतून वर्षाकांठीं ४० टन हिरवें हत्तीगवत निघालें असें धरूं. त्यांतलें पाणी वजा जातां सुमारें ८ टन कोरडा माल उरतो. त्यांत शेंकडा सव्वा या प्रमाणानें नत्र धरलें तर तें १०० किलो होतें; पालाश त्याच्या बरोबरीनें, बहुधा अधिकच. ४५ किलोच्या युरियाच्या गोणींत नत्र साधारण २१ किलो असतें. म्हणजे पांच गोण्यांइतकें नत्र आपण विळ्यानें कापून त्या रानांतून बाहेर नेतों. वर एक मूठ युरिया फेंकून हें देणें कसें फिटावें? आणि युरियांत पालाशही नाहीं, स्फुरदही नाहीं. पहिलीं दोन वर्षें गवत जोर धरतें, तिसऱ्या वर्षीं बुडखे पातळ होतात, आणि घरधनी म्हणतो, "बेणें वाईट निघालें!" बेणें वाईट नाहीं. १९६८ सालीं स्थापन झालेल्या व जोतीरावांचें नांव धारण करणाऱ्या राहुरीच्या कृषि विद्यापीठाचीं यशवंत, फुले जयवंत हीं वाणें चांगलींच आहेत. पण उपाशी मातींत कोणतेंही वाण उपाशीच राहणार.

आतां उकिरड्याकडे वळूं. जनावर जें नत्र खातें त्याचा साधारण निम्मा वांटा मुतावाटें बाहेर पडतो, आणि पालाश तर बहुतेक मुतांतच असतें. आमच्या गोठ्यांत शेण तेवढें गोळा होतें आणि मूत जमिनींत मुरून जातें. म्हणजे पैशाची थैली भोंक पाडूनच आपण घरीं आणतों! गोठ्यांत उतार काढून मूत एका खड्ड्यांत घ्यावें. तें जमत नसेल तर वाया गेलेली वैरण, भुसा किंवा कोरडी माती गुरांखालीं पसरावी आणि भिजली कीं खड्ड्यांत टाकावी. खड्डा सावलींत असावा, वर मातीचा थर असावा. उघड्या उकिरड्यावर ऊन व पाऊस खातां खातां नत्राचा निम्म्यापर्यंत भाग निघून जातो. कच्चें शेण रानांत नेऊं नये. त्याबरोबर तणाचें बीं जातें आणि हुमणीची पैदास होते. ही विद्या परकी नाहीं. १९२४ ते १९३१ या काळांत होळकरांच्या इंदुरांत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं शेण, मूत, माती व काडीकचरा थरावर थर रचून कुजविण्याची जी रीत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच जाळीदार विटांच्या टाक्यांत थोड्या शेणांत पुष्कळ खत करून दाखविलें. 'नाडेप' हें नांव त्यांच्याच नांवावरून पडलें.

चांगल्या शेणखतांतही नत्र शेंकडा अर्धाच असतें, आणि तें पहिल्या वर्षीं सगळें पिकाच्या हातीं लागत नाहीं. म्हणून शेणखत पाया समजावें आणि उणें तेवढें वरखतानें भरावें. येथें पिकापिकाचा भेद ओळखला पाहिजे. लसूणघास, बरसीम, चवळी हीं शेंगवर्गीय पिकें. त्यांच्या मुळांवरच्या गांठींतले जंतू हवेंतलें नत्र धरून देतात. लसूणघासाला पेरणीच्या वेळीं हेक्टरीं सुमारें २० किलो नत्र पुरे. त्याची भूक स्फुरदाची, ती ८० किलोंच्या घरांत. स्फुरद मातींत जागचें हलत नाहीं, म्हणून तें पेरणीपूर्वींच मुळांच्या थरांत पडलें पाहिजे. मका व हत्तीगवत यांना मात्र नत्र हवें, आणि तें कापणी-कापणीला वांटून हवें. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानांत युरिया वर पडून राहिला तर त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. तो मातीआड करावा किंवा लगेच पाणी द्यावें. मक्यांत चवळी पेरावी. वैरणही सकस होते आणि नत्राचा खर्चही हलका होतो.

जास्त घातलें म्हणजे जास्त फायदा, हाही भ्रमच. भरमसाट नत्र दिलेल्या ज्वारी-मक्यावर पाण्याचा ताण पडला तर धाटाच्या बुडांत नायट्रेट सांचतें. तें खाल्लेलें जनावर धापा टाकूं लागतें, त्याचें रक्त तपकिरी पडतें आणि कांहीं तासांत तें मरतें. उलट स्फुरद कमी पडलेल्या वैरणीवर वाढलेली गाय हाडें चघळते, वेळेवर माजावर येत नाहीं, गाभण राहत नाहीं. मग घरचीं माणसें देवऋषी गांठतात, अंगारा लावतात, दिशा पाहतात, कोंबडें उतरून टाकतात. बंधूंनो, गाईला भूतबाधा नाहीं, मातींत स्फुरद नाहीं! १५ रुपयांचा अंगारा आणून ५०,००० ची गाय खाटकाच्या दारीं जाते, तेव्हां दक्षिणा कोणाच्या पदरीं पडली आणि कर्ज कोणाच्या शिरीं राहिलें याचा विचार करा.

आतां ज्या गोष्टीसाठीं ही लेखणी हातीं घेतली ती सांगतों. शेण पवित्र म्हणून पंचगव्यांत त्याचा थेंब चाखणारे एकीकडे, आणि रोज पहाटे पाटी डोक्यावर घेऊन तें उचलणारी बाई दुसरीकडे. शेणाचें पावित्र्य तिच्या वांट्याला कधीं आलें नाहीं, आणि शेणाची किंमतही आली नाहीं. पाटी ती वाहते. ट्रॉलीचा सौदा मात्र पारावर पुरुष करतो. हा दोष भटजीच्या माथीं मारून आम्हांला सुटतां येणार नाहीं. तो आमच्याच घरांतला आहे. तसाच दुसरा. लहान शेतकऱ्याच्या नडीला पैसे देऊन त्याच्या गोठ्यांतलें खत जो उचलून नेतो, तो बागाईतदारही बहुधा आमच्याच जातभाईंपैकीं असतो. एकाच्या रानाचा कस दुसऱ्याच्या रानांत जातो आणि वर जातीच्या मेळाव्यांत दोघे एका सतरंजीवर बसतात! धनगर मेंढ्या घेऊन आला तर त्याला रानांत बसवून घेण्याची आमच्या वाडवडिलांची रीत होती. आतां गायरानें इमारतींखालीं व अतिक्रमणांखालीं गेलीं, आणि पिढ्यान् पिढ्या रानें खतवणाराला आपणच काठी दाखवितों.

तेव्हां आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं मृदा आरोग्य पत्रिकेची योजना निघाली. तिच्यासाठीं माती देतांना वैरणीच्या तुकड्याचीही द्या, आणि पत्रिकेवरचा आंकडा घरांतल्या शिकलेल्या पोरीकडून मोठ्यानें वाचवून घ्या. ग्रामपंचायतीनें झाकलेल्या खतखड्ड्यांना व गोबरगॅसला पैसा द्यावा. गोबरगॅसनें चूलही पेटते आणि रबडींत नत्रही उरतें, म्हणजे व्होएल्कर साहेबांनीं पाहिलेली सरपणाची नड व खताची नड एकदमच भागते. गायरानाची मोजणी व्हावी, आणि मेंढपाळास चराईची व वाटेची हमी मिळावी. आणि खताची विक्री करावीच लागली तर तो पैसा गोठा राखणाऱ्या बाईच्या हातावर पडावा.

ज्यानें मातीचा हिशेब ठेवला त्याला सावकाराच्या वहीची भीति कमी. आपलें शेण, आपलें मूत, आपली वैरण यांचें जमाखर्चाचें पान प्रत्येक गोठ्यांत लागावें, आणि त्याचा आरंभ येत्या पावसाळ्यापूर्वीं उकिरड्यावर मातीचा एक थर घालून व्हावा, एवढेंच आमचें आमच्या बंधुभगिनींस आग्रहाचें सांगणें आहे.