आधी पाऊल, मग कोलांटी

मंडळी, गॅदरिंग जवळ आलं की आठ दिवसांत 'स्ट्रीट डान्स' बसवून देणारे आमच्या सांगवीकडेही उगवतात. पोरं कोलांट्या शिकतात, ताल मात्र चुकतो. मग आपण म्हणणार, हा नाचच थिल्लर! साफ चूक. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या पोरांनी घडवलेलं ब्रेकिंग २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोचलं. त्यातही आधी उभ्यानं टॉपरॉक, मग हात टेकून सिक्स-स्टेप घोटावी लागते. शाळेत लेझीम हाती देण्याआधी आपण पावलं मोजून घेत नव्हतो का? तुकोबांची पालखी बारामतीत येते, तेव्हा वारकऱ्यांची पावली मृदंग सोडून पडते का? तेव्हा नाचाला नावं ठेवू नका. पाया न घालता फी घेणाऱ्यांना जाब विचारा. बघा पटतंय का!