वर्णद्वेष : तिकडचा आणि इकडचा

गेल्या वर्षी आमच्या वर्गात दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषावर चर्चा झाली. नेल्सन मंडेलांनी २७ वर्षे तुरुंगात काढली आणि १९९४ साली तेच राष्ट्राध्यक्ष झाले, हे सर सांगत होते आणि आम्ही भारावून ऐकत होतो. मीही तावातावाने बोललो. कातडीच्या रंगावरून माणसाची लायकी ठरवणारे लोक असतात तरी कसे, असा सवाल मी केला. टाळ्याही मिळाल्या.

त्याच शनिवारी मी गावी, कवठे येमाईला गेलो. आमची वस्ती गावाबाहेर, घोड नदीच्या अंगाला आहे. रात्रीत विहिरीवरच्या मोटरची केबल कोणीतरी कापून नेली होती. सकाळी माणसे जमली. विहिरीजवळ गाडीच्या चाकांचे ठसे होते, पण तिकडे कोणी पाहिले नाही. "आधी ओढ्यापलीकडच्या पालांवर बघा," तात्या म्हणाले. पाले फासेपारध्यांची. पाचसहा जण निघाले. त्यांत आमचे दादा होते आणि मीही होतो.

तिथे आम्ही गोधड्या झटकल्या, डबे उपडे केले, सरपणाचा ढीग पसरला. एक म्हातारी चुलीपाशी बसून होती. तिने तोंडातून शब्द काढला नाही. हे तिला नवे नसावे. कडेला एक तरुण उभा होता. चौथीपर्यंत तो माझ्या वर्गात होता. तितर पकडायचा फास कसा बांधतात, हे मला त्यानेच शिकवले होते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले. वर्गात एवढे बोलणारा मी, तिथे मात्र माझी वाचा बसली. केबल सापडली नाही. "लांबवली असेल," असे म्हणत आम्ही परतलो.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, अशी त्यामागची समजूत. प्रथम उत्तरेत लागू झालेला हा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला. नोंदलेल्या जमातीत जन्माला आले की माणूस संशयित! हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहतच होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. कागदावरचे शेपूट मात्र पुष्कळ दिवस वळवळत राहिले. विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतील तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये! लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले. ते आपल्या ग्रंथालयात आहे आणि मीही ते वाचले होते. वाचून काय झाले, ते वर सांगितलेच.

कोणी म्हणेल, हा वंशभेद कसा? त्यांचा आणि आमचा रंग तर एकच. २००१ साली डर्बनच्या जागतिक परिषदेत हाच वाद झाला. दलित संघटना जातीचा प्रश्न मांडू पाहत होत्या आणि जात म्हणजे वंश नव्हे, असे आपले सरकार म्हणत होते. नाव काय द्यायचे ते विद्वानांनी ठरवावे. गुन्हा रक्तातून उतरतो असे मानायचे आणि त्या मानण्यावर दुसऱ्याच्या घरात शिरायचे, याला गोऱ्यांच्या देशात आपण जे म्हणतो ते इथे म्हणायला आपली जीभ का अडखळते?

दीड महिन्याने केबल चोरणारी टोळी दुसऱ्या तालुक्यात सापडली. त्यांच्याकडे पिकअप गाडी होती. त्यांतला एक तर आमच्या पाहुण्यांच्या नात्यातला निघाला. वस्तीवर चर्चा झाली ती अशी : पोरगं वाया गेलं, संगत वाईट, बापाचं लक्ष नव्हतं. सगळी कारणे त्या एकट्या पोराची. त्याची जात कोणी काढली नाही, त्याच्या भावकीच्या घरात गोधड्या झटकायला कोणी गेले नाही. तसे कोणाला सुचलेही नाही. मलाही ते बऱ्याच उशिरा सुचले.

दिवाळीच्या सुटीत तो वर्गमित्र रस्त्यात भेटला. चोर सापडले, एवढेच मी कसेबसे बोललो. माफी मागायची म्हणून जी वाक्ये जुळवली होती, ती ओठांवर आलीच नाहीत.

"ते आम्हाला तवाच ठावं होतं," तो म्हणाला. "तुमची केबल घावली का?"

मी नाही म्हणालो. त्याला आईला घेऊन दवाखान्यात जायचे होते. तो निघून गेला. दादांना मी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि नव्या केबलचा भाव काय सांगितला, ते विचारले.